प्लेटवर काहीच उगवलं नाही

४ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचे. टेम्पोवाल्याने कपाटाचा एक पाय मोडला आणि आईच्या औषधांची पिशवी त्याच्याच गाडीत राहिली होती, ती मी धावत जाऊन आणली. एवढं सोडलं तर सगळं सुरळीत.

क्वार्टर अपेक्षेपेक्षा बरंच चांगलं आहे. प्रयोगशाळेच्या मागच्या अंगाला तीन खोल्या. पुढचं दार अंगणात उघडतं, मागचं गल्लीत. ओट्यासमोर खिडकी, नळाला पाण्याचा जोर, भिंतींना नवा कोरा पांढरा रंग. आईने आल्या आल्या खुर्ची पुढच्या खिडकीशी ओढून घेतली आणि ही जागा आपली असल्याचं जाहीर केलं. तिच्या डाव्या टाचेची जखम आठ महिने झाले तरी भरत नाही. साखरेचा आजार. त्यामुळे घर कुठलंही असो, आईला आधी खुर्ची लागते.

दादाला फोन केला. त्याची छोटी फोन हिसकावून घेऊन विचारत होती की आत्या, तुझ्या नव्या घरात उड्या मारायला जागा आहे का. आहे म्हटलं, आजीच्या खुर्चीवर तेवढी मारायची नाही.

दुपारी मॅडम स्वतः भेटायला आल्या. या संस्थेच्या प्रमुख त्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, आवाज अगदी हळू. त्यांनी मला प्रयोगशाळा दाखवली आणि माझा हात 'मोजून' घेतला. नव्या माणसाबद्दल इथे तशी पद्धत आहे म्हणाल्या. उजव्या तळव्यावरून ओला बोळा फिरवायचा, तो जंतूंचं खाद्य भरलेल्या प्लेटवर पुसायचा, प्लेट दोन दिवस उबेत ठेवायची आणि जंतूंचे जेवढे ठिपके उगवतील तेवढे मोजायचे. मी बारा वर्षं हेच काम करते आहे, पण नोकरीच्या पहिल्या दिवशी मलाच कुणी मोजलं नव्हतं. गंमत वाटली.

६ मार्च, बुधवार

माझा हात: २१४. म्हणजे अगदी चारचौघींसारखा. आईला सांगितलं तर म्हणाली, एवढे पाहुणे घेऊन तू भाकऱ्या थापतेस होय.

काम आवडलं. लवंग, दालचिनी, थाइम, निलगिरी यांची तेलं जंतू मारतात, यात नवीन काही नाही. पण तेल उघडं ठेवलं तर उडून जातं आणि कातडीला थेट लावलं तर भाजतं. म्हणून इथे तेलाचा अतिसूक्ष्म थेंब स्टार्चच्या आवरणात बंद करतात. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव आहे, इथे सगळे नुसतं 'कुप्या' म्हणतात. केसाच्या जाडीत अशा पाचशे कुप्या ओळीने बसतील. जंतू जवळ आला, त्याचा स्राव आवरणाला लागला, की आवरण विरघळतं, तेल बाहेर पडतं आणि जंतू खलास. जंतू नसेल तर कुपी गप्प बसून राहते, तिचा वाससुद्धा येत नाही. फळं धुवायला, रुग्णालयातल्या खाटा पुसायला, भिंतींच्या रंगात, सगळीकडे चालते. प्रत्येक बाटलीवर हिरव्या अक्षरांत एकच शब्द: सुरक्षित.

आमच्या क्वार्टरला तोच रंग आहे. कँटीनचं जेवणही त्याच पाण्यात धुतलेलं असतं. सोमवारी ओट्यावर विसरलेलं दूध आज पाहिलं तर ताज्यासारखं. आई खूश आहे, मी जरा कमी. माझा धंदाच संशयाचा पडला.

माझ्या आधी या टेबलावर एक सर होते. ते अचानक सोडून गेले, एवढंच कळलं. आज खणात त्यांचा चष्मा सापडला. चांगला जाड भिंगांचा. नोकरी सोडताना माणूस छत्री विसरेल, डबा विसरेल. चष्मा विसरून तो गेटपर्यंत गेला कसा? गेटवरच्या केबिनीत भांडारकाका बसतात. बाहेरून आलेला माल तेच उतरवून घेतात, पण आत पाऊल टाकत नाहीत. त्यांना विचारलं, तर त्यांनी मालाची यादी पुढे केली आणि सही कुठे करायची ते दाखवलं.

९ मार्च, शनिवार

मॅडमनी आईची जखम पाहिली. आपण होऊन आल्या होत्या. वास येत असूनही नाकाला हात लावला नाही, तिथेच आईने त्यांना मनातून पास केलं. घरच्यांनीच नाकाला रुमाल लावल्यामुळे आई गेले कित्येक महिने कुणाकडे जात नाही.

मॅडमचं म्हणणं, कुप्यांची पट्टी लावून पाहू. मी विचारलं, माणसांवर वापरायची परवानगी आहे का. त्या म्हणाल्या की परवानगी येतेच आहे, आणि जखमेत एवढे जंतू असताना वाट पाहणं धोक्याचं नाही का. डॉक्टरांनी मागच्या खेपेला पाय कापायची गोष्ट काढली होती. आई म्हणाली, "लाव गं बाई, आणखी काय वाईट व्हायचं राहिलंय?"

कागदावर सही मी केली. पट्टी लावल्यावर टाचेत ऊब वाटते, मुंग्या येतात, असं आई म्हणाली. तासाभराने तेही थांबलं.

१३ मार्च, बुधवार

वास गेला. पूर्ण. आठ महिन्यांत पहिल्यांदा आईने पाय टेकवून अंगणात फेरी मारली आणि परत येताना मुद्दाम मॅडमच्या खिडकीखाली थांबून त्यांना हात केला. मला रडू आलं. इतक्या वेळा माझी शंका चुकीची ठरली आहे, तशी याही वेळी ठरो.

जखमेतले जंतू, पट्टीआधी: मोजता येणार नाहीत इतके. आज: ४०. माझा स्वतःचा हात सहज मोजला: ९६. इथलं पाणी आणि इथलं जेवण, म्हणून असेल.

एक खटकलं. मॅडम आईची चौकशी करतात, पण कधीच काही लिहून घेत नाहीत. नवीन उपचार, पहिली रुग्ण, आणि एक आकडा टिपलेला नाही. पुढे काय होणार ते आधीच माहीत असल्यासारख्या मान डोलावतात.

१८ मार्च, सोमवार

जखम स्वच्छ आहे, गुलाबी आहे आणि जशीच्या तशी आहे. मी फूटपट्टीने मोजते: तीन सेंटिमीटर बाय दोन. पहिल्या दिवशीही तीन बाय दोनच होती. चिघळत नाही, भरतही नाही. खपली नाही, पाणी नाही. कुणीतरी रंगवून ठेवलेली असावी तशी.

आई जेवत नाही. भूकच नाही म्हणते. गुरुवारपासून चहावर आहे, कालपासून चहाही नको. चेहरा मात्र टवटवीत. हात गार. थर्मामीटर लावला तर ३४ अंश, हवं ३७. थर्मामीटर बदलला. ३४.

शुक्रवारी तिच्या तळव्याची प्लेट लावली होती, आज उघडली. शून्य. मला वाटलं, माझंच चुकलं. लगेच आणखी तीन लावून ठेवल्या आहेत.

२० मार्च, बुधवार

तीनही शून्य.

माणसाच्या हातावर शून्य नसतं. साबणाने धुवा, स्पिरिटने पुसा, तासाभरात परत असतातच. ते आपल्यातच राहतात, आपण आहोत तोवर असतात. बारा वर्षांत मी शून्य पाहिलेलं नाही.

पट्टी टाचेला होती. तळहातावर कुप्या गेल्या कशा?

२३ मार्च, शनिवार

कुणाला न सांगता चार ठिकाणी बोळे फिरवले होते. मॅडमचा कप, पॅकिंगमधल्या ताईंचं पेन, कँटीनच्या दाराची मूठ, जिन्याचा कठडा. शून्य, शून्य, शून्य, शून्य. गेटवर काकांच्या किल्ल्यांच्या जुडग्यावर मात्र १६०.

मी: ३१.

मग आईचा तळवा धुतलेलं पाणी कण मोजायच्या यंत्रात घातलं. कुप्याच कुप्या. आकडा दोनदा तपासला. आईला लावलेल्या सगळ्या पट्ट्यांमध्ये मिळून जेवढ्या होत्या, त्याच्या कित्येक पटीने जास्त, एका तळव्यावर. मी स्वतःशीच म्हटलं की बाई, कुप्यांना काही पिल्लं होत नाहीत. हसू मात्र आलं नाही.

आईला आंघोळ घातली, घासून घासून. पुन्हा पाहिलं. तेवढ्याच.

२५ मार्च, सोमवार

सकाळी मुद्दाम गावात गेले. बाजारातून फिरले, भाज्या चाचपल्या, बसच्या दांड्याला धरून उभी राहिले. कुठेतरी माणसांसारखी माणसं असावीत म्हणून. घरी आले तशी आईने हात पुढे केला, मी तो धरला, आणि आईने झटका देऊन सोडवून घेतला.

म्हणाली, "अगं, चटका बसला."

तिच्या मनगटावर माझी चार बोटं उमटली आहेत. लाल. वाफेवर धरावीत तशी. आणि खोलीत इथे आल्यापासून पहिल्यांदाच लवंगेचा वास.

मी हात धुवायला पळाले.

२६ मार्च, मंगळवार

आता कळलं. लिहून ठेवते, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील.

आईचा हात धुतलेलं पाणी एका नळीत घेतलं. त्यात बाजारातल्या कोथिंबिरीचं पाणी टाकलं, एकच थेंब. नळी हातात धरवेना इतकी तापली. ५२ अंश. पाण्यावर तेल तरंगायला लागलं.

पहिल्या दिवशी जखमेत जंतू खूप होते आणि कुप्या थोड्या. म्हणून नुसत्या मुंग्या. आता उलट आहे. आईच्या अंगावर, कदाचित आतही, फक्त कुप्या आहेत, सगळ्या बंद, सगळ्या वाट पाहत. एक फुटली की तिच्या उष्णतेने शेजारची फुटते.

म्हणजे आईला कुणी शिवायचं नाही. बसमध्ये नेता येणार नाही. रुग्णालयात नेता येणार नाही. ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, घेऊन या, बघतो. कशी घेऊन येऊ. स्ट्रेचरवर कुणाच्या हाताने ठेवू.

२८ मार्च, गुरुवार

मॅडमकडे गेले. नळी त्यांच्यासमोर ठेवली. त्या घाबरल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. शांतपणे म्हणाल्या की नळी वेगळी आणि माणूस वेगळा. मावशींच्या अंगात भडका उडणार नाही, आवरण आता सुधारलेलं आहे.

मी विचारलं, आता म्हणजे?

"सरांच्या वेळची कुपी वेगळी होती," म्हणाल्या. मग काचेचा दरवाजा माझ्यासाठी उघडून धरला. माझ्यापासून हातभर लांब उभ्या होत्या. आल्यापासून त्या कायम हातभर लांबच उभ्या राहतात. मला तो सभ्यपणा वाटला होता.

मी: ४.

२९ मार्च, शुक्रवार

काकांना धरलं. केबिनीबाहेर उभी राहिले, सांगितल्याशिवाय हलणार नाही म्हटलं.

सरांनाही कळलं होतं. त्यांनी ठरवलं की जंतू परत मिळवायचे. बागेत खताचा ढीग होता, त्यात कोपरापर्यंत हात घातले. काका म्हणाले, "आधी वास आला, ताई. मी वळून बघेपर्यंत —" आणि त्यांनी तोंडावर हात धरला. महिनाभर त्या बाजूला कुणी फिरकलं नाही, एवढं म्हणाले. मॅडमनी मात्र तिथे उभं राहून घड्याळ पाहिलं होतं. वहीत लिहून घेतलं होतं.

मी विचारलं, पोलिसांना सांगितलं नाही? काका म्हणाले, काय सांगू, मसाल्याच्या तेलाने माणूस गेला म्हणून?

३० मार्च, शनिवार

माझ्या हाताची प्लेट. काही नाही.

भूक नाही. कधीपासून, आठवत नाही. बुधवारी जेवले होते का —

घाबरायला वेळ नाही. आईने दादाला फोन केला. मला न विचारता. पाय बरा झाला, वास गेला, आता छोटीला घेऊन ये, तिला मांडीवर घ्यायचंय. दादा उद्या येतो आहे. छोटीला सर्दी आहे, नाक गळतंय, पण आजीचं नाव काढल्यावर ऐकत नाही म्हणाला.

मी दादाला फोन केला. येऊ नका म्हटलं. का, विचारलं. सांगितलं. सगळं सांगितलं. तो म्हणाला की तू दमली आहेस, आम्ही आलो की चार दिवस आराम कर.

आईला सांगितलं. आई ऐकून घेत होती. मग म्हणाली, "आठ महिने मला कुणी जवळ केलं नाही. आता तूही असं बोलणार?"



मागच्या दाराला कुलूप घातलं. किल्ली माझ्याकडे.

३१ मार्च, रविवार

सकाळी साडेदहा. काकांच्या केबिनीच्या पायरीवर. गाडी आली की इथेच अडवायची. छोटी रडली तर रडू दे. मी स्वतः तिच्या जवळ जायचं नाही, काका धरतील. आईने खिडकीतून हात हलवायचा. एवढंच. एवढं जमेल.

दादाचा फोन लागत नाही. गाडी चालवत असेल.

पावणेअकरा. रस्ता रिकामा. आई खिडकीत दिसत होती, केस विंचरत होती.

दहा पन्नास. खिडकीत नाही.

दहा बावन्न. दादाचा निरोप फोनवर. पोचलो, मागच्या गल्लीत गाडी लावली, तुमच्या मॅडमनी दार उघडून दिलं, किती चांगल्या आहेत —

मॅडमकडे सगळ्या क्वार्टरच्या किल्ल्या —

दहा पंचावन्न. पुढचं दार आतून बंद, मागचंही. मी हाका मारते आहे, लाथा मारते आहे. काका पहार आणायला गेलेत. प्रयोगशाळेच्या काचेआड मॅडम उभ्या आहेत. हातात वही. घड्याळ बघतात. मग मीही लिहिते. वेळ माझ्याकडेही असू दे, त्यांनी काहीही लिहिलं तरी —

दहा छप्पन्न. आत हसण्याचा आवाज. दादा. छोटी शिंकली.

मी ओरडले, आई, तिला शिवू नकोस. आई आतून म्हणाली, थांब गं, उघडते, आधी हिला जवळ तर घेऊ दे.

दहा सत्तावन्न. शांत. दादाचं हसू थांबलं.

काका अजून —

छोटीचा आवाज. दाराच्या अगदी जवळून. विचारते आहे की आत्या, आजीचे हात एवढे गरम कसे झाले, आणि ती मला सोडत का